काकवीपर्यंतचा तापमापक

पाणी किती अंशांना उकळतं, असं शिक्षकांच्या कार्यशाळेत विचारलं की सगळा वर्ग एका सुरात ‘शंभर’ म्हणतो. मग मी शेगडी पेटवते, पातेल्यात पाणी ठेवते आणि गटागटाच्या हातात तापमापक देते. शिरूर आणि दौंड तालुक्यांत हा प्रयोग मी वर्षानुवर्षं घेत आले आहे. कासुर्डीतल्या कार्यशाळेची सुरुवातही त्यानेच झाली. पाणी खळखळा उकळू लागलं, पारा अठ्ठ्याण्णवच्या आसपास येऊन थांबला आणि तिथून हलेना. नोंदी गोळा केल्या तेव्हा एक गट सोडून बाकी सगळ्यांनी १०० लिहिलं होतं. त्या एका गटाने ९८ लिहून पुढे ‘वाचनातील त्रुटी’ असं जोडलं होतं.

यात कुणाची लबाडी नसते, हे आधीच सांगते. ज्यांनी १०० लिहिलं त्यांनाही ९८ दिसलेलं असतं आणि विचारलं की ते मोकळेपणाने सांगतात. तापमापक जुना असेल, पाणी बोअरचं आहे, क्षार असतील, वाचताना डोळा तिरका झाला असेल. चूक यंत्राची, पाण्याची किंवा आपल्या नजरेची. पुस्तकातल्या आकड्याला कुणी हात लावत नाही. खरं तर पुस्तकही चुकलेलं नाही. शंभर हा आकडा समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाचा आहे. कासुर्डीचा परिसर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच. तिथे हवेचा दाब कमी, आणि साधारण दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. म्हणजे ९८ हेच इथलं बरोबर उत्तर. क्षारांचं म्हणाल तर त्यांनी पारा वर चढवला असता, खाली आणला नसता.

हे सगळं त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते हे ते दरवर्षी शिकवतात. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो, कमी झाला की उतरतो, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. समोरच्या पातेल्याशी ते ज्ञान जोडलं जात नव्हतं, एवढंच. आपण मोजलेला आकडा पुस्तकातल्या आकड्याच्या शेजारी बसवायला मन धजावत नाही. शिक्षक प्रशिक्षणाचा सगळा प्रश्न मला इथे दिसतो. नवे प्रयोग, नवी खेळणी, नवी किट यांना माझा विरोध नाही. पण शिक्षकाला स्वतःच्या मोजण्यावर भरवसा वाटत नसेल तर ती किट कपाटात जातात आणि फळ्यावर पुन्हा शंभर उमटतं.

आमच्या कार्यशाळांत पहिल्या दिवशी मोटर करतात. अरविंद गुप्तांच्या पुस्तकांमुळे आणि चित्रफितींमुळे ही मोटर मराठी शाळांत बऱ्याच ठिकाणी पोचली आहे: एक मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचं रबर, एक चुंबक आणि एनॅमल लावलेली तांब्याची तार. गुप्ता आयआयटी कानपूरचे अभियंते, पुण्यात टेल्कोत नोकरीला. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादला गेले. तिथे १९७२ पासून सोळा खेड्यांतल्या शाळांमध्ये मुलांनी प्रयोग करून विज्ञान शिकायचं, असा एक मोठा उपक्रम सुरू होता. आठवडी बाजारात मिळणारी सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि आगपेटीच्या काड्या यांतून त्यांनी तिथे भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. होशंगाबादच्या उपक्रमातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट खेळण्यांच्या पलीकडची आहे. मुलाने जो प्रयोग करायचा तो शिक्षकाने आधी स्वतः करायचा, विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांसोबत बसून करायचा आणि अडलं तर त्यांच्याशी भांडायचं, ही तिथली रीत होती.

तर मोटर. तारेचं वेटोळं करायचं, दोन्ही टोकं समोरासमोर बाहेर काढायची, ती सेफ्टी पिनांच्या छिद्रांत टेकवायची. एका टोकाचं एनॅमल पूर्ण खरवडायचं आणि दुसऱ्या टोकाचं फक्त अर्ध्या घेरावरून. हे ‘अर्ध्या घेरावरून’ प्रकरण मी मुद्दाम आधी सांगत नाही. सगळे दोन्ही टोकं चकचकीत खरवडतात, सेल जोडतात आणि वेटोळं एकदा झटका देऊन मागेपुढे डुलत राहतं. फिरत नाही. मग खरी कार्यशाळा सुरू होते. सेल उतरला का? चुंबक उलटं लावलं का? कुणी बोटाने ढकलून पाहतं. कुणी शेजारच्याचं वेटोळं आपल्या पिनांवर ठेवून पाहतं, आणि ही फार चांगली युक्ती असते, कारण दोष कशात आहे ते तिच्यामुळे वेगळं काढता येतं. शेवटी कुणीतरी कागदावर वेटोळ्याची वरची बाजू आणि खालची बाजू काढून डाव्या हाताची बोटं ताणत बसतं. अर्ध्या फेरीनंतर वरची बाजू खाली गेली. तारेतली धारा तीच राहिली. म्हणजे बल आता उलट फिरवणार! मग त्या अर्ध्या फेरीत धारा बंदच केली तर? एनॅमल अर्ध्या भागावर ठेवायचं ते याचसाठी. बल नसलेली अर्धी फेरी वेटोळं आधीच्या गतीवर पार करतं. दहावीच्या पुस्तकातल्या मोटरमध्ये कडीचे दोन अर्धे तुकडे असतात, ते धारा बंद न करता तिची दिशा उलटवतात. हा फरक कळल्यावर पंधरा-पंधरा वर्षं दहावीला शिकवणारे शिक्षक पुस्तक उघडून ती आकृती पुन्हा वाचतात. त्या क्षणी मी काही बोलत नाही. बोलायची गरजही नसते.

मोटर फिरली की खोलीत जो आनंद पसरतो तो खरा असतो, त्याला मी कमी लेखत नाही. पण शाळेत परतल्यावर काय होतं, हेही मी पाहिलं आहे. बऱ्याच शाळांत प्रयोगाचं साहित्य कुलुपात असतं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये. याला कारण आळस नाही. प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली असते. चंचुपात्र फुटलं, भिंगाला चरा गेला, तर ती निर्लेखित करून घेण्याची कागदपत्रं शिक्षकालाच रंगवावी लागतात. बदली झाली की चार्ज देताना एकेक वस्तू मोजून द्यायची. असं असताना तेरा-चौदा वर्षांच्या चाळीस मुलांच्या हातात काचेचे तापमापक कोण देईल? कार्यशाळेत जेवणाच्या सुट्टीत शिक्षक हेच बोलत असतात, आणि त्यात शालेय पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, निवडणुकीचं काम हेही येतं. जे प्रशिक्षक या बोलण्याला रडगाणं समजतात त्यांच्याशी माझं पटत नाही. साहित्य फुटण्याची मुभा हा विज्ञान शिक्षणाचा भाग आहे. तो सरकारी कागदावर मान्य झाला पाहिजे, असं मी जिथे संधी मिळेल तिथे मांडत आले आहे.

माझं स्वतःचं शिकणं शिरूर तालुक्यातल्या पाबळला झालं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातलं मोठं पद, हे मागे ठेवून ते पत्नी मीराताईंसह या अवर्षणग्रस्त गावात राहायला आले आणि २००३ मध्ये निधन होईपर्यंत तिथेच राहिले. शाळा सोडलेल्या मुलांना हाताने काम करत शिकवायचं, हा त्यांचा विचार. त्यातून शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय उभा राहिला: आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या चार विभागांत प्रत्यक्ष काम करायचं. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा, २००२ मध्ये याच पाबळला आली, आणि लोक कौतुकाने तेवढंच सांगतात. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो तिथला एक साधा नियम: मुलं जे बनवतील ते कुणाच्या तरी उपयोगाचं असलं पाहिजे. गावात कुणाला तरी ते हवं असलं पाहिजे. शिकवायला पदवीधरच हवा असंही नाही. गावातला वेल्डर, गवंडी, वायरमन शिकवू शकतो.

पाबळला मी पहिल्यांदा वेल्डिंगचा होल्डर हातात धरला. काळ्या काचेतून तो प्रकाश पाहिला, रॉड चिकटला, सोडवला, पुन्हा चिकटला. लोखंडी स्टूल करायचं होतं. चार पायांपैकी एक आखूड राहिला तर स्टूल डुगडुगतं आणि त्याला ‘वाचनातील त्रुटी’ म्हणून गुण मिळत नाहीत. उपयोगाच्या कामाची ही खुबी आहे. मोजणं चुकलं की काम स्वतःच सांगतं.

कासुर्डीत आम्ही तेच केलं. महामार्गावरून पुण्याहून येताना उरुळी कांचन मागे पडलं की यवतच्या अलीकडे हे गाव लागतं. आजूबाजूला ऊस, हंगामात रस्त्याकडेला उसाच्या ट्रॉल्यांची रांग. शाळेत मुलं जेवणाआधी ज्या जागी हात धुतात तिथलं पाणी तसंच वाहून चिखल होत असे, आणि पलीकडे परसबागेला बादल्यांनी पाणी घालावं लागे. आम्ही शिक्षकांना सांगितलं, हे पाणी पाइपने बागेत न्या. एका दिवसाचं काम. हॅक्सॉ, पीव्हीसी पाइप, एल्बो, सॉल्व्हंट सिमेंट सगळं आणून ठेवलं होतं.

जमीन बागेकडे उतरती आहे हे सगळ्यांना उघड दिसत होतं. गणिताच्या एका सरांनी दर मीटरला एक सेंटिमीटर उतार धरून हिशेबही करून टाकला. गावातले एक गवंडी आमच्या मदतीला आले होते, साठीच्या पुढचे. त्यांनी पिशवीतून पातळीची पारदर्शक नळी काढली आणि म्हणाले, “सर, लिहा तुम्ही, पण आधी पाण्याला विचारू.” एक टोक हात धुण्याच्या जागी, दुसरं बागेत. पाणी स्थिर झालं आणि बागेची जमीन चार बोटं वर निघाली.

कुणाचाच विश्वास बसेना. पहिला संशय नळीवर. तो योग्यच होता. नळीत मध्येच हवेचा बुडबुडा अडकला असेल तर दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीला येत नाही, हे त्या दिवशी बऱ्याच जणांना प्रथमच समजलं. गवंडीकाकांनी नळी उचलून टिचक्या मारत बुडबुडा वर काढला, टोकांची अदलाबदल केली, पुन्हा मोजलं. उत्तर तेच. मग यवतकडच्या एक बाई कुंपणाच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, “भिंतच तिकडे उतरती बांधलीय. आपण जमीन बघतच नव्हतो, भिंत बघत होतो.” सगळ्यांनी वळून पाहिलं. खरंच भिंतीची वरची कड बागेकडे उतरत होती, आणि नजर तिच्यावरच टेकत होती.

सकाळी पारा ९८ वर थांबला तेव्हा आकडा बदलणारे हेच शिक्षक होते. आता त्यांनी चार बोटं खोडून काढली नाहीत, कारण खोडली असती तर दुसऱ्या दिवशी पाणी उलटं येऊन शाळेच्या पायरीशी साचलं असतं. त्यांनी हिशेब फाडला, नळी घेऊन सगळं आवार मोजलं, कागदावर उंचीचे आकडे टाकले आणि वाफे दक्षिणेच्या कोपऱ्यात हलवायचे ठरवले. तिकडे उतार मिळत होता. संध्याकाळ झाली, पाइप पुरेसा मिळाला नाही, शेवटचे काही हात पुढच्या आठवड्यात गावातल्या पोरांनी पूर्ण केले. पण आवाराचा तो नकाशा अजून शाळेच्या ऑफिसात लावलेला आहे आणि भूगोलाचे शिक्षक समोच्च रेषा शिकवताना मुलांना तोच दाखवतात.

दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळ. दौंडच्या या भागात गुऱ्हाळं पुष्कळ. मी शिक्षकांना फक्त एवढं म्हटलं होतं की गूळ कधी झाला हे गुळव्याला कसं कळतं ते तापमापकाने शोधा. शाळेच्या प्रयोगशाळेतले तापमापक घेऊन सगळे निघाले. काहिलीत रस उकळत होता, भेंडीचा चिकट रस घालून वर आलेली मळी झाऱ्याने काढून झाली होती, चुलाणात चिपाडं लोटली जात होती. काहिलीजवळ वाकायचं नाही असा कडक नियम घालून तापमापक लांब काठीला बांधला आणि दर पाच मिनिटांनी वाचन सुरू केलं. पारा बराच वेळ शंभरच्या अलीकडे-पलीकडे रेंगाळला. पाणी आटत होतं, वाफेचे लोट उठत होते, तरी आकडा जागचा हलत नव्हता. मग हळूहळू चढू लागला. एकशे पाचच्या आसपास गुळव्याने एक पळी काढून ठेवली: “ही काकवी.” आणि लगेच म्हणाला, “बाई, तुमची ती कांडी आता काढा.”

त्याला काय माहीत होतं कोण जाणे, पण त्याने अगदी वेळेवर सांगितलं. शाळेच्या तापमापकावर खुणा ११० अंशांपर्यंतच असतात. गूळ उतरतो साधारण ११५ ते ११८ अंशांच्या दरम्यान. कांडी आत राहिली असती तर पारा वर चढून काच तडकली असती, आणि गुळात काच आणि पारा! म्हणजे शाळेतलं साधन काकवीपर्यंत पुरतं, गुळापर्यंत पोचत नाही. पुढचं मोजमाप आम्ही मल्टिमीटरला जोडलेल्या थर्मोकपलने केलं. तो हल्ली पुण्याच्या बुधवार पेठेत सहज मिळतो. आकडा आता मिनिटामिनिटाला वर जाऊ लागला. इकडे गुळव्याने थंड पाण्यात हात बुडवला, काहिलीतला थोडा पाक पाण्यात सोडला, बोटांत फिरवला, त्याची गोळी वळली आणि त्याने आवाज दिला. काहील उतरवून गूळ निवायच्या वाफ्यात ओतली. त्या घटकेला मल्टिमीटरवर ११७ होतं.

परत आल्यावर आलेख काढला. आधी लांबलचक आडवा, शेवटी एकदम उभा. का? यावर जी चर्चा झाली तिच्यासारखी चर्चा मी शिक्षकांमध्ये क्वचितच ऐकली आहे. रसात साखर विरघळलेली आहे, तिच्यामुळे उत्कलनबिंदू वाढतो. पण सुरुवातीला पाणी भरपूर, साखर त्यामानाने थोडी, म्हणून वाढ नगण्य. पाणी आटत आटत इतकं थोडं उरतं की थोडंसं आणखी गेलं तरी साखरेचं प्रमाण झपाट्याने वाढतं, म्हणून शेवटचा चढ तीव्र. म्हणजे गुळव्याची बोटं साखरेचं प्रमाणच मोजत होती! एक तरुण शिक्षक, ज्यांच्या घरचंच गुऱ्हाळ आहे, ते गप्प बसले होते. मग म्हणाले की त्यांच्या वडिलांना शेवटची पाच मिनिटं कुणी बोललेलं चालत नसे, आणि ती पाच मिनिटं का महत्त्वाची ते आज आलेखात दिसलं.

मग प्रश्न आला वर्गाचा. गुऱ्हाळ वर्गात आणता येत नाही आणि सातवीतल्या मुलांना काहिलीजवळ न्यायचं नाही. यावर उपाय शिक्षकांनीच काढला. मीठ! मिठाचं पाणी जितकं मीठ विरघळेल तितकं घालून उकळलं तर समुद्रसपाटीला ते १०८-१०९ अंशांना उकळतं; आपल्याकडे दोनेक अंश कमी धरायचे. म्हणजे ११०च्या खुणेच्या आत. शाळेचा तापमापक पुरतो, मीठ पोषण आहाराच्या खोलीत असतं, आणि चमच्या-चमच्याने मीठ घालत गेलं की मुलांना चढता आलेख मिळतो. हा प्रयोग मी कुठल्या पुस्तकातून दिला नव्हता. तो त्या खोलीत तयार झाला. त्यात सुरुवातीचं वाचन, नुसत्या पाण्याचं, प्रत्येक गटाने ९८ असंच लिहिलं.

कार्यशाळेच्या शेवटी अभिप्रायाचे कागद भरून घेण्याची पद्धत आहे. त्यात ‘छान’, ‘उपयुक्त’ याच्या पलीकडे फारसं काही येत नाही, म्हणून मी त्याऐवजी विचारते: पुढच्या वेळी काय उघडून पाहायचं? कासुर्डीत जवळजवळ सगळ्यांनी एकच लिहिलं: शेतातली मोटर. दर उन्हाळ्यात जळणारी. घरी शेती असलेल्या शिक्षकाला त्या जळण्याचा खर्च पाठ असतो.

म्हणून पुढच्या कार्यशाळेला आम्ही चौफुल्याजवळच्या एका वाइंडिंग करणाऱ्या कारागिराला बोलावलं. तो दोन जळके स्टेटर, म्हणजे मोटरीचे तारा गुंडाळलेले स्थिर भाग, घेऊन आला. एकात तांब्याच्या सगळ्या गुंडाळ्या सारख्या काळ्या पडल्या होत्या. दुसऱ्यात काळ्या गुंडाळ्यांच्या मध्ये काही कॉइल अगदी कोऱ्या, व्हार्निश चमकत असलेल्या. “सांगा बघू, कोणती कशाने गेली,” असं त्याने उलट शिक्षकांनाच विचारलं. पहिल्या दिवशी सेफ्टी पिनांवरचं वेटोळं फिरवून झालेलं असल्यामुळे कुणी मागे हटलं नाही. सगळ्या सारख्या जळल्या म्हणजे तिन्ही फेजमधून सारखी जास्त धारा गेली: व्होल्टेज पडलं असेल, किंवा पंप गाळाने अडकला असेल. व्होल्टेज उतरलं तरी पंपाला तेवढंच पाणी उपसायचं असतं, म्हणून मोटर जास्त धारा ओढते, आणि उष्णता धारेच्या वर्गाच्या पटीत वाढते. दुसऱ्यात एक फेज गेला होता. त्या मोटरीची जोडणी स्टार होती, म्हणून उरलेल्या दोन फेजच्या गुंडाळ्यांनी सगळा भार ओढला आणि त्या जळल्या, तिसरी कोरी राहिली. कारागीर म्हणाला, गिऱ्हाईक दुकानात येऊन काहीही सांगो, वाइंडिंग खरं सांगतं.

एका मॅडमनी तो दुसरा स्टेटर वर्गात दाखवायला मागितला. तांबं वजनावर विकलं जातं, त्यामुळे त्याने जरा विचार केला, मग परत करायच्या बोलीवर दिला. त्यांनी तो दहावीच्या वर्गात टेबलावर ठेवला आणि धड्याआधी मुलांना हात लावून पाहू दिलं. तो कुठल्याही रजिस्टरला चढलेला नाही, त्यामुळे केंद्रातल्या इतर शाळाही मागून नेतात. जिथे जातो तिथली मुलं घरी जाऊन आपापल्या वडिलांना विचारतात की गेल्या वर्षी आपली मोटर जळली तेव्हा सगळ्या कॉइल काळ्या झाल्या होत्या की काही कोऱ्या राहिल्या होत्या, आणि आपल्या स्टार्टरला एक फेज गेल्यावर मोटर बंद करणारं प्रिव्हेंटर बसवलं आहे का.